माप आधी, भंगार नंतर: जुन्या सायकलींविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या सायकली पुन्हा चालत्या करण्याबद्दल प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रं काळ्या, दांड्याच्या, रॉड ब्रेकच्या (तारेऐवजी लोखंडी गजांवर चालतो तो ब्रेक) सायकलींबद्दल आली. त्यांतली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं खाली देत आहोत.

प्रश्न: आजोबांची अ‍ॅटलस सायकल वीस-बावीस वर्षं पडवीत उभी आहे. गावातला मेकॅनिक म्हणतो, ‘ओव्हरऑइल करून देतो, पळायला लागेल.’ तेवढं पुरेल का? सुरुवात कुठून करू? (एक वाचक, वाई)

मूळ शब्द ‘ओव्हरहॉलिंग’, म्हणजे सगळं खोलून, धुऊन पुन्हा जोडणं. दुकानांच्या पाट्यांवर त्याचं ‘ओव्हरऑइलिंग’ झालं आणि पुष्कळ ठिकाणी कामही तेवढंच उरलं: वरून तेल. वीस वर्षं उभ्या सायकलीला त्याचा उपयोग नाही. आतलं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं असतं आणि वरून सोडलेलं तेल त्यातून बेअरिंगच्या छर्‍यांपर्यंत पोचत नाही.

पाना हातात घेण्याआधी फ्रेम तपासा. इथे दोष निघाला तर पुढचा सगळा खर्च वाया. पुढच्या बाजूला हँडलची नळी आणि खालची तिरकी नळी जिथे जुळतात, तिथून दोन-तीन इंच मागे खालच्या अंगाने बोट फिरवा. फुगवटा लागला किंवा रंगाला आडव्या सुरकुत्या दिसल्या, तर सायकल कधीतरी समोरून जोरात धडकली आहे. मग दोर्‍याची चाचणी घ्या. मागचं चाक काढा. बारीक पक्का दोरा मागच्या चाकाचा आस बसतो त्या एका खाचेला बांधा, हँडलच्या नळीला पुढून वळसा घाला आणि दुसर्‍या खाचेला ताणून बांधा. आता सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोर्‍याचं अंतर मोजा. फरक दोन-तीन मिलिमीटरपर्यंत असेल तर चालेल. त्याहून जास्त असेल तर मागचा भाग एका अंगाला गेला आहे. पोलादी फ्रेम असल्याने तो ओढून सरळ करता येतो, पण ते काम फ्रेम ओढणार्‍या अनुभवी माणसाकडूनच करून घ्या.

पायडलच्या आसाभोवतीचे सांधेही पाहा. तिथे चीर असेल तर साध्या इलेक्ट्रिक वेल्डिंगला हात लावू देऊ नका. या फ्रेमचे सांधे पितळेने झाळलेले असतात आणि नळी पातळ असते. आर्कने नळीला भोक पडतं, नाहीतर वेल्डच्या शेजारीच नवी चीर जाते. गॅसवर पितळ वापरून झाळणारा कारागीर शोधा.

फ्रेम ठीक निघाली की मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा, विशेषतः ब्रेकच्या गजांचे आणि मडगार्डच्या काड्यांचे. खोलताना प्रत्येक आसाचे नट-वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा आणि डावं-उजवं लिहून ठेवा. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, छर्रे आणि कॉटर पिना (क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, आसाला पक्की धरतात त्या पिना) नव्याच घ्यायच्या. फ्रेम, चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क), क्रँक, मडगार्ड आणि हब (चाकाचा मधला, स्पोक लावायचा भाग) शक्यतो मूळचेच ठेवा. या जुन्या मडगार्डांचा पत्रा आजच्या मडगार्डांपेक्षा जाड असतो.

प्रश्न: माझ्या जुन्या सायकलला ‘२८’चं चाक आहे. ऑनलाइन २८ इंची टायर मागवला तर तो रिमवर चढतच नाही. टायर सदोष आहे का? (एक वाचक, सोलापूर)

टायर चांगला आहे, माप दुसरं आहे. सायकलच्या टायरवरचे इंच फार फसवे असतात. आपल्या काळ्या सायकलींचा टायर २८ बाय दीड, आणि त्याच्या रिमचा, टायरची कड बसते तिथला व्यास ६३५ मिलिमीटर. परदेशी किंवा नव्या हायब्रिड सायकलींच्या टायरवरही ‘२८’ लिहिलेलं असतं, पण तो ६२२ मिलिमीटरचा. तेरा मिलिमीटर लहान टायर पान्याने ओढून चढवायचा प्रयत्न केलात तर त्याच्या कडेची तार तुटेल, रिमही वाकेल.

टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ‘४०-६३५’ असे दोन आकडे असतात. पहिला रुंदी, दुसरा व्यास. दुसरा आकडा जुळला पाहिजे, बाकी काही पाहू नका. ‘२६’मध्ये गोंधळ आणखी मोठा आहे: लेडीज आणि हलक्या रोडस्टरचा २६ बाय एक-तीन-अष्टमांश म्हणजे ५९०, आणि माउंटन बाइकचा २६ म्हणजे ५५९. दोन्हींवर ठळक अक्षरांत २६च लिहिलेलं असतं.

भंगारातून रिम किंवा अख्खं चाक घेत असाल तर भोकं मोजा. इंग्रजी पद्धतीच्या आपल्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात. पुढची रिम मागच्या हबला लावता येत नाही. ३६ भोकांची रिम या दोहोंपैकी कशालाच चालत नाही. रॉड ब्रेक असेल तर रिमचा आकारही पाहा. त्याच्या गुटक्या (ब्रेकचे रबर) रिमच्या आतल्या तोंडाला, म्हणजे आसाच्या बाजूला घासतात, त्यामुळे रिमला तिथे दोन्ही बाजूंनी गोलसर उतार लागतो. सपाट बाजूंची रिम कॅलिपर ब्रेकसाठी (रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो तो) असते. ती बसवली तर गुटक्यांना घासायला जागाच मिळत नाही.

प्रश्न: कॉटर पिन काही केल्या निघत नाही, टोक हातोडीने चेपलं आहे. दुसर्‍या बाजूची पिन नवी घातली तर आठवड्याभरात पायडलमध्ये ‘टक्‌ टक्‌’ सुरू झालं. (एक वाचक, कोल्हापूर)

जुन्या सायकलीत सर्वांत जास्त नुकसान या बोटभर पिनेपायी होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पिन निघत नाही याचं कारण बहुधा मारण्याच्या पद्धतीत असतं. क्रँक हवेत लटकलेली असताना घाव घातला तर ताकद पिनेला लागत नाही. ती आसावरून थेट छर्‍यांवर जाते, छर्रे कपात खड्डे पाडतात आणि मग नवे छर्रे घालूनही पायडल खरखरतच राहतं. म्हणून क्रँकखाली टेकू हवा. जाड लोखंडी पाइपचा तुकडा घ्या, ज्याच्या पोकळीत पिनेचं जाड डोकं शिरेल. त्याचं खालचं तोंड जमिनीवर घट्ट टेकवा आणि वरच्या तोंडावर क्रँक बसवा. डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री सोडून ठेवा. नट पूर्ण काढू नका, आट्यांच्या टोकाशी समपातळीत आणून ठेवा. मग जड हातोडीचा एकच खणखणीत घाव. वीस हलक्या टोल्यांनी टोक मशरूमसारखं पसरतं, तुमच्याकडे नेमकं तेच झालं आहे. मोठा शिकंजा (व्हाइस) असेल तर घाव घालूच नका. एका बाजूला पिन शिरेल असा सॉकेट ठेवून दाबलीत तर ती आवाज करून सुटते.

तुमच्या पिनेचं टोक आता पसरलं आहे, म्हणून ते कानसीने घासून सपाट करा, मध्ये सेंटर पंचने खूण करा, ६ मिलिमीटरच्या ड्रिलने पिनेच्या लांबीने भोक पाडा आणि उरलेली पिन पंचने मारून काढा. ड्रिल तिरकं जाऊन क्रँकला लागणार नाही याकडे डोळा ठेवा.

दुसर्‍या बाजूची टकटक दोन कारणांनी होते. एक, पिनेचा व्यास. इंग्रजी घराण्यातल्या सायकलींना साधारण साडेनऊ मिलिमीटरची पिन लागते, पण दुकानात नऊचीही मिळते. अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण पायडल मारताना जाणवतो. जुनी पिन व्हर्नियरने मोजूनच नवी घ्या. दुसरं कारण, पिनेचा सपाट उतार आसाच्या खाचेवर पूर्ण टेकत नाही. नव्या पिनेचा उतार कारखान्यातून येतो तसाच क्वचित बसतो. पिन घाला, हलकी ठोका, बाहेर काढा. उतारावर जिथे चकाकी आली तिथे ती टेकते आहे. तेवढाच भाग बारीक कानसीने घ्या आणि पुन्हा बसवून पाहा. चकाकी पूर्ण उतारभर पसरेपर्यंत हे करायचं. तीन-चार वेळा तरी करावं लागतं.

दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या. एका क्रँकचा नट पुढे आला तर दुसर्‍याचा मागे. दोन्ही एकाच बाजूने घातल्या तर क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि पाय लंगडल्यासारखा चालतो. पिन आत बसवायचं काम हातोडीचं, तेही टेकू लावून. नट फक्त तिला धरून ठेवतो. नट पिळून पिन ओढायला गेलात तर आटे जातात. वीस-पंचवीस किलोमीटर चालवल्यावर एकदा पुन्हा ठोकून नट आवळा, कारण नवी पिन थोडी बसतेच. टकटक ऐकूनही तशीच चालवलीत तर क्रँकचं भोक अंडाकृती होतं. मग पिन कितीही चांगली आणा, क्रँकच बदलावी लागते.

प्रश्न: बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलच्या आसाची बैठक) कप आणि चाकांतले छर्रे किती व कुठल्या मापाचे घालायचे? आणि उजवा कप उघडताना पाना वाकला, पण कप हलला नाही. (एक वाचक, नाशिक)

तुम्ही तो कप आवळत होतात. बीबीच्या उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात, तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतो. डावा कप नेहमीसारखा. पायडलचंही तसंच, फक्त तिथे डावं पायडल उलट्या आट्यांचं. तरीही, उजवा कप खराब नसेल तर तो काढूच नका. डाव्या बाजूने आस बाहेर घ्या, टॉर्च लावून उजव्या कपाची आतली बाजू तपासा. छर्‍यांची रेघ गुळगुळीत चमकत असेल तर फडक्याने पुसून, ग्रीस भरून तसाच ठेवा. खड्डे दिसले तरच काढायचा.

भंगारातला कप घेताना जपून. सर्वसाधारण इंग्रजी आटे इंचाला २४ असतात, पण राले कंपनीच्या स्वतःच्या सायकलींचे २६. दोन आटे फिरून अडकला तर जोर लावू नका, तो चुकीच्या घराण्याचा आहे.

छर्‍यांचा हिशोब असा: बीबीत पाव इंची, प्रत्येक बाजूला ११. मागच्या हबमध्ये पाव इंची, प्रत्येक बाजूला ९. पुढच्या हबमध्ये ३/१६ इंची, प्रत्येक बाजूला १०. हँडलच्या कपांत कंपनीगणिक फरक पडतो. तिथे जुने मोजून नमुना दुकानात न्या. जुने पडून हरवले असतील तर कप भरेपर्यंत छर्रे मांडा आणि एक काढून घ्या. खच्चून भरले तर ते एकमेकांना घासतात, फिरत नाहीत.

आठ जुने आणि एक नवा असं कधी करू नका. झिजलेल्या छर्‍यांत नवा एकटाच मोठा पडतो आणि सगळं वजन त्याच्यावर येतं. छर्रे स्वस्त आहेत, हब नाही. हबचा कोन (छर्रे जागेवर दाबून धरणारा शंकूसारखा नट) आवळताना चाक फ्रेममध्ये बसवून, नट पक्के करून तपासा. चाक मोकळं सोडलं की ट्यूबच्या व्हॉल्वच्या वजनाने ते आपोआप फिरून व्हॉल्व खाली यायला हवा, आणि रिम धरून हलवली तर खुळखुळ जाणवता कामा नये.

प्रश्न: क्रोमवर गंजाचे ठिपके आहेत. एकाने संडास साफ करायचं अ‍ॅसिड सुचवलं. (एक वाचक, रत्नागिरी)

अजिबात नको. ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, गंजाबरोबर क्रोमही खातं आणि त्याच्या वाफेने शेजारी ठेवलेल्या सुट्या भागांवर दुसर्‍या दिवशी नवा गंज दिसतो. तुमच्याकडच्या खार्‍या हवेत तर लगेचच.

ठिपके वरवरचे असतील तर स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. काळपट चिखल निघतो, तो पुसत राहा. काचपेपर आणि भांडी घासायची लोखंडी जाळी क्रोमला लावू नका.

गंज खोल असेल, किंवा क्रँक, चेनव्हील, ब्रेकचे गज असे भाग अख्खेच तांबडे झाले असतील, तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिड. फरशी पॉलिश करणारे ते वापरतात, केमिकलच्या दुकानात पांढरी पूड मिळते. एक लिटर पाण्याला २५ ते ३० ग्रॅम. प्लास्टिकच्या टबात भाग पूर्ण बुडवून सहा ते चोवीस तास ठेवा, अधूनमधून ब्रशने घासून पाहा. जास्त वेळ ठेवलं तर पिवळसर थर बसतो. काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, साध्या पाण्याने धुवा, लगेच उन्हात वाळवा आणि तेलाचा हात फिरवा. अ‍ॅल्युमिनियमचे भाग आणि चामडं त्यात घालायचं नाही. ते विषारी आहे: हातमोजे घाला, मोकळ्या हवेत काम करा आणि टब लहान मुलं व कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा.

जिथून क्रोमचा पापुद्रा निघाला आहे तिथे काही लावून ते परत येणार नाही. मेणाचं पॉलिश महिन्यातून एकदा लावत राहा. सगळं नव्याने क्रोम करून घेण्याचा खर्च भंगारातल्या चांगल्या हँडलपेक्षा बराच जास्त पडतो.

प्रश्न: नवी चेन टाकली तर ती जोर लावला की दात सोडते. जुनी चेन अशी करत नव्हती. (एक वाचक, पुणे)

जुनी चेन आणि जुनं फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं दातेरी चक्र) एकत्र झिजलेले होते, म्हणून त्यांचं जमत होतं. चेनच्या एका पिनेच्या मध्यापासून मोजलं तर तिच्यापुढची २४वी पिन बरोबर बारा इंचांवर यायला हवी. पट्टी लावून मोजा. बारा इंच आणि वर एक सोळांश भरलं तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश भरलं तर फ्रीव्हीलही गेलं समजा. तुमचं प्रकरण दुसर्‍या पायरीचं दिसतं. १८ दाती नवं फ्रीव्हील लुधियानाचं, सहज मिळतं. पुण्यातल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारणार असाल तर वापरलेलं फ्रीव्हील मात्र घेऊ नका, हब आणि क्रँक पाहा. आणि जुनं फ्रीव्हील उघडून ‘साफ’ करायचा मोह टाळा. आतले १/८ इंची छर्रे दुकानभर शोधावे लागतात.

प्रश्न: जुन्या इंग्रजी सायकलचं मागचं चाक मिळालं, हबवर ‘स्टर्मी-आर्चर एडब्ल्यू’ असं लिहिलं आहे. तीन गिअर आहेत, पण मधल्या गिअरपाशी पायडल रिकामं फिरतं. हब गेला का? (एक वाचक, म्हापसा)

बहुतेक नाही. एडब्ल्यू हा सायकलींतला फार टिकाऊ गिअर हब आहे. १९३०च्या दशकापासून तो बनतो आणि पन्नास-साठ वर्षांचे हब अजून चालतात. आधी हबच्या कवचावर एडब्ल्यूच्या जवळ कोरलेला आकडा पाहा. ‘६२’ असेल तर तो १९६२चा. चाकाचं वय कळण्याची यापेक्षा सोपी खूण नाही. मात्र वय हबचं असतं, सायकलचं नव्हे. चाकं बदलली जातात.

या हबमध्ये दुसर्‍या आणि तिसर्‍या गिअरच्या मधोमध एक मोकळी जागा असते, तिथे काहीच अडकत नाही. तार सैल किंवा जास्त ताणलेली असली की हब त्या जागेत येऊन थांबतो. उभं राहून पायडल मारताना असं झालं तर माणूस दांड्यावर आपटतो, म्हणून जुळवणी आधी, फेरी नंतर. गिअरची कळ दुसर्‍यावर ठेवा. उजव्या बाजूच्या लांब नटाला एक छोटी खिडकी असते, तिच्यातून गिअरच्या बारीक साखळीला जोडलेला दांडा दिसतो. त्याचं टोक आसाच्या टोकाशी बरोबर समपातळीत यायला हवं. येत नसेल तर तारेची गोल नळकांडी फिरवून आणा आणि तिची छोटी नट आवळा.

हब वर्षानुवर्षं कोरडा असेल तर कवचावरच्या छोट्या झाकणातून पातळ यंत्रतेल सोडा, सुरुवातीला एक चमचाभर, मग महिन्याला काही थेंब. खाद्यतेल किंवा घट्ट ग्रीस नको, आतले कुत्रे (दातांत अडकणाऱ्या स्प्रिंगच्या खिट्ट्या) चिकटतात आणि मग गिअर घसरतो. छर्‍यांची सैल-घट्ट जुळवणी डाव्या कोनाने करा, उजव्या कोनाला हात लावू नका. आस खाचेत फिरू नये म्हणून दात असलेले खास वॉशर असतात. ते हरवले असतील तर आधी मिळवा, त्यांच्याशिवाय तारेची जुळवणी रोज बिघडेल.

प्रश्न: रॉड ब्रेक लावला की सायकल धक्के देत थांबते. चाकाचा आउट (रिमचा वाकडेपणा) तर काढून घेतला आहे. (एक वाचक, नागपूर)

मेकॅनिकने डावा-उजवा आउट काढला असेल. रॉड ब्रेकला तो थोडा असला तरी चालतो. त्याला खुपतो तो वर-खालचा आउट, कारण गुटक्या रिमला आसाकडून बाहेर रेटतात. रिम जिथे आत दबलेली आहे तिथे प्रत्येक फेरीला गुटकी आदळते. चिमट्याला खडू धरून चाक फिरवा, जिथे खडू लागतो तिथे रिम उंच आहे. त्या भागातले दोन्ही बाजूंचे तीन-चार स्पोक पाव-पाव फेरी आवळा. समोरच्या खोलगट भागातले तेवढेच सैल करा. एका वेळी अर्ध्या फेरीहून जास्त नको. निपल (स्पोकच्या टोकाचे नट) गंजून चिकटले असतील तर आधी तेल सोडून रात्रभर थांबा, नाहीतर स्पोकच पिळून तुटतो.

पावसात मात्र ओल्या क्रोमच्या रिमवर हा ब्रेक कितीही नीट लावला तरी उशिराच धरतो. उतारावर पहिल्यांदा हलका दाबून रिम पुसून घ्या, मग जोर लावा.

प्रश्न: फ्रेमला पावडर कोटिंग करावं की हाताने रंग द्यावा? (एक वाचक, ठाणे)

मूळ रंग सत्तर टक्के शिल्लक असेल तर दोन्ही नको. धुवा, मेण लावा, सोडून द्या. सोनेरी रेघा आणि कंपनीचं चिन्ह एकदा गेलं की गेलं. रंगच द्यायचा तर पावडर कोटिंग टिकाऊ आहे आणि त्याच्या भट्टीच्या उष्णतेने पितळेचे सांधे सुटत नाहीत. पण देण्याआधी बीबीचे आणि हँडलचे कप काढा, आट्यांना टेप लावायला सांगा, आणि सीटच्या सांध्यावर किंवा बीबीखाली कोरलेला फ्रेम नंबर कागदावर लिहून फोटो काढून ठेवा. वाळूच्या मार्‍याने आणि जाड थराने तो वाचता येईनासा होतो. जुना रंग कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं. पाणी लावून पॉलिश पेपरने घासा आणि निघालेला गाळ बागेत टाकू नका.